कालव्याच्या टोकाला भात की वाल

८ डिसेंबर, सोम.
उपग्रह-चित्रांच्या साइटवरचं खातं मंजूर झालं. सकाळी मेल आला, चहा तसाच राहिला. सव्वीस वर्षं कर्जतच्या कॉलेजात भूगोल शिकवते आहे. उपग्रह-चित्रं म्हणजे पुस्तकातला एक धूसर फोटो, तोही काळापांढरा. आता सगळी चित्रं क्लाउडवर, फुकट, शिकवण्यासाठी वापरा म्हणतात. ऑनलाइन प्रशिक्षणात मी सगळ्यात म्हातारी होते. बावन्न. असू दे.

१० डिसें.
पहिला प्रयत्न. कर्जतचे अक्षांश-रेखांश घातले, पडद्यावर नुसतं काळं पाणी. नकाशा लहान केला तर नॉर्वेच्याही वर, समुद्रात! दोन आकडे उलटे घातले होते. आधी रेखांश, मग अक्षांश. मुलांच्या पेपरात याच चुकीला मी अर्धा मार्क कापते. एकटीच हसले.
आकडे सुलट केले. उल्हास नदी दिसली. तिची ती वळणं. फळ्यावर इतकी वर्षं काढली ती, आणि बरी काढली होती.

१९ डिसें.
टी.वाय.चं पहिलं प्रॅक्टिकल. नऊ मुलं, चार मशीन. मशीन जुनी, सुरू व्हायलाच दहा मिनिटं. पण हिशेब सगळा तिकडे लांब कुठेतरी होतो, आपल्याला फक्त चित्र येतं. प्राचार्य दारातून डोकावले, "याच डब्यांवर चालतंय हे?" चालतंय, सर.
अश्विनी म्हणून मुलगी आहे. कडावच्या पुढच्या एका गावातली. वर्गात तोंड उघडत नाही. आज आज्ञा टाइप करताना चूक दाखवणारी लाल ओळ आली की तिची बोटं आधी. स्वल्पविराम राहिला होता, तिने शोधला. मला सापडला नसता.

२ जाने.
काम ठरलं. कडावकडच्या कालव्याच्या पाण्यावर दुबार भात, म्हणजे वर्षातला दुसरा, किती होतो, त्याचा नकाशा. फेब्रुवारीत पाटबंधारेवाल्यांची शेतकऱ्यांबरोबर बैठक आहे, कालव्याच्या टोकाकडचा भाग यंदा दुरुस्त करायचा की नाही यावर. प्राचार्यांना कळलं, त्यांनी लगेच कळवून टाकलं की आमचं कॉलेज उपग्रहावरून नकाशा देणार. जरा घाई झाली. पण छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

६ जाने.
गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली चित्रं घेतली. हिरवेपणाचा आकडा काढला. जिथे हिरवं तिथे दुबार भात, सोपं. कालव्यालगतचा पट्टा थेट टोकापर्यंत हिरवा. म्हणजे पाणी शेवटपर्यंत पोचतं, दुरुस्तीची घाई नाही. पाटबंधारेवाल्यांच्या कागदावरही तेच आहे म्हणे. अगदी जुळलं.
अश्विनी हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं दुबार होत नाय."
मी म्हटलं, "अगं, चित्रात दिसतंय ना. उपग्रह कशाला खोटं बोलेल?"
तिने मान हलवली आणि पुढची ओळ टाइप करायला घेतली.

१० जाने., शनि.
तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. स्कूटी काढली. खोपोलीच्या माझ्या घरापासून तिचं गाव, पाऊण तास. नकाशाची प्रिंट बरोबर.
तिचे वडील अंगणात. "अगं, मॅडमना खुर्ची दे गं." प्रिंट पाहिली, बोट फिरवत फिरवत स्वतःचं शेत बरोबर शोधलं. त्यांना नकाशा वाचायला कुणी शिकवला? मग मला घेऊन बांधावर गेले. समोर सगळं हिरवंगार.
"यो भात नाय मॅडम. वाल हाय."
वाल! भात कापला की राहिलेल्या ओलीवर टाकतात. रायगडात जन्म गेला माझा, बिरड्यासाठी वाल सोलले, आणि हे सुचू नये.
"पानी येत नाय म्हनून तर वाल," ते म्हणाले. "पानी असतं तर भातच लावला असता ना आमी."
कालवा पाहिला. तळाला भेगा, त्यात गवत वाढलेलं.

तोच दिवस, घरी.
हा नकाशा बैठकीत गेला असता तर? माझ्याच विद्यार्थिनीच्या गावाचं पाणी मी माझ्या हाताने अडवलं असतं. वर कॉलेजचा शिक्का मारून. उपग्रहाने फक्त हिरवं म्हटलं होतं. भात मी म्हटलं.

१२ जाने.
प्राचार्यांना सांगितलं, नकाशा चुकला. त्यांचा चेहरा पडला. "मग कळवायचं काय?" म्हटलं, दुरुस्त करून देते, पण चुकलेला देणार नाही.
वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, अश्विनीचं बरोबर होतं, माझं चूक. मान खाली घालून वहीवर रेघा मारत होती. नंतर म्हणाली, "मॅडमना कसं सांगायचं म्हनून मी…"  म्हटलं, यापुढे दोनदा सांगायचं.

१५ जाने.
भात आणि वाल वेगळे कसे काढायचे? दोन्ही हिरवेच. पुस्तकं, व्हिडिओ, दोन दिवस काही जमेना. अश्विनीने घरी विचारलं. वडील म्हणाले म्हणे, "भाताला आदी पानी उभं ऱ्हातं. लावनीच्या वक्ताला शेताचं तळं व्हतं. वालाला पानी दिसतंय का कवा?"
बस्स. आधी पाणी, मग हिरवं, तो भात. पाणी नाही, नुसतं हिरवं, तो वाल. पाणी तर उपग्रहाला झकास दिसतं!
अश्विनीने तीन ओळी लिहिल्या. मी बघत बसले.

१९ जाने.
चाललं. भाताचा पट्टा टोकाच्या गावांच्या बऱ्याच आधी संपतो. मागच्या काही वर्षांचीही चित्रं लावली. दर साली थोडा मागे, थोडा मागे. नऊही मुलं एकाच मशीनभोवती.

२४ जाने., शनि.
पडताळणी. मुलं बांधाबांधाने चालली, हातात कागद, गेल्या साली इथे काय होतं ते विचारत. चाळीस शेतं, छत्तीस बरोबर. चार चुकली, ते लहान तुकडे होते, चित्रातल्या दहा मीटरच्या एका चौकोनाएवढेही नसलेले. तेही लिहून ठेवलं.
परत निघताना स्कूटीला शेंगांची पिशवी अडकवलेली. कोणी, ते कुणीच सांगेना.

५ फेब्रु.
बैठक. सभागृह भरलेलं. मी उठणार होते, ऐन वेळी अश्विनीला म्हटलं, तू सांग. "मी? नाय मॅडम!" तरी उठली. पहिली दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत.
पाटबंधारेच्या साहेबांनी मधेच विचारलं, "कशावरून हा भात नाही? आमच्या नोंदीत भात आहे."
तिने आधी पहिला, चुकलेला नकाशा दाखवला. हे ठरलेलं नव्हतं. म्हणाली, "सर, आम्हीपण आधी असंच धरलं होतं. मग शेतात गेलो." मग दुसरा नकाशा. चार चुकलेली शेतंही सांगितली, कोणी विचारलं नसताना.
साहेबांनी हात पुढे केला. "प्रिंट द्या एक," म्हणाले.
मागून तिच्या वडिलांचा आवाज, शेजाऱ्याला, "आपली पोर हाय ती, रं." 
मला रडू आलं. चष्मा पुसला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की माझा विषय कुणाच्या तरी उपयोगी पडला.

३ मार्च
साहेब प्रत्यक्ष आले. कालव्याच्या कडेने टोकापर्यंत चालले, ऊन होतं तरी. अश्विनी मोबाइलवर नकाशा धरून पुढे, ते मागे. भेगांचे फोटो घेतले. होकार नाही, नकार नाही. "वर पाठवतो," एवढंच.

२० मार्च
खोपोलीच्या एका कॉलेजातून विचारणा, त्यांच्या शिक्षकांना शिकवाल का? येते म्हटलं, अश्विनीला घेऊन. तिने एम.ए.ला भूगोलच घ्यायचं ठरवलंय. वडिलांनी विचारलं, "यात नोकरी हाय का?" खरं ते सांगितलं, खात्री नाही. "बरं, शिकू दे," म्हणाले.

१६ एप्रिल
दुरुस्तीचं काही कळलं नाही. प्राचार्यांनी दोनदा फोन केला. फाइल आहे, विचारात आहे. पावसाळ्याआधी काम लागलं नाही तर हेही साल गेलं. गावात विचारतात, मी फाइलचंच सांगते.

२१ एप्रिल
उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातो. सकाळी उठल्याउठल्या लॅपटॉप उघडला. नवीन चित्र, आभाळ स्वच्छ. कालव्याचं काम सुरू झालं तरी एवढ्या वरून ते दिसायचं नाही, मला माहीत आहे. मीच शिकवलंय. तरी मोठं करून करून टोकाकडे बघितलं.
तेवढ्यात अश्विनीचा मेसेज. "मॅडम, आजचं बघितलं. अजून काय नाय."