दाराचा तुकडा

दिनांक १८ जुलै, मंगळवार
घरून

चि. ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द विचार करून वापरला आहे. ‘मजेत’ लिहिले असते तर तू पत्र तिथेच खाली ठेवले असतेस. तुझ्या आईचा रक्तदाब आटोक्यात आहे, झोप बरी लागते, उजव्या पायात पूर्वीपेक्षा जोर येतो. माझे अक्षर वाकडेतिकडे दिसेल. त्याचे कारण यथाक्रम पुढे येईल.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस. ही सवय तू माझ्याकडूनच उचलली आहेस, त्यामुळे तक्रार नाही. परंतु या विषयात वाक्ये पुरी होणे आवश्यक आहे, आणि पत्राला मधेच ‘बाबा, एक मिनिट’ म्हणता येत नाही.

शनिवारी तू आईला रुग्णांची कायमची देखभाल करणाऱ्या त्या संस्थेत नेण्यासाठी गाडी घेऊन येणार आहेस. रविवारी मी तुला तसा होकार दिला होता. तो होकार मी परत घेत आहे.

आता चिडू नकोस. म्हणजे चीड, पण शेवटपर्यंत वाचून चीड. काही गोष्टी तुला ठाऊक असलेल्याच पुन्हा मांडणार आहे, कारण क्रम चुकला की निष्कर्ष चुकतो.

अर्धांगाच्या आजारपणात तुझ्या आईचे बोलणे गेले. राहिली ती मान. ‘चहा हवा का?’ म्हटले की मान हलते. ‘चहा नको ना?’ म्हटले की तितक्याच आपुलकीने पुन्हा हलते. त्या मानेवर कोणताही निर्णय उभा करता येत नाही, हे तू आणि मी दोघेही मान्य करून चुकलो आहोत.

आणि मग एके सकाळी मी तिचे केस विंचरत असताना तिने एक ओळ गायली. सलग, सुरात, एकही अक्षर न अडखळता. तमिळमध्ये! जिच्या एका वाक्यात मी, शेजारीण आणि गॅसवाला तिघेही गार होत असू, ती तिची मराठी गेली. आणि उरली ती तमिळ, जिचा एक शब्दही तिला आयुष्यात कधी कळला नाही.

स्पीच थेरपिस्टबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, “गाणं वेगळ्या वाटेनं येतं. ते बोलणं समजू नका.” तूही तेच म्हणालीस. मी ते मान्य केले. परंतु ती काय गाते आहे, हे तरी समजून घ्यावे, म्हणून तिचाच फोन उघडून मी तिच्या त्या ग्रुपवर गेलो.

तुला आठवत असेल, त्या ग्रुपची मी किती चेष्टा करीत असे. न कळणाऱ्या भाषेतल्या गाण्यांवरून न पाहिलेल्या माणसांशी भांडणे, असे मी त्याचे वर्णन करायचो. तिथे सगळे मराठीच. तमिळ चित्रपटगीतांचे वेड लागलेले. त्यांचा एक खेळ आहे: दोन कडव्यांच्या मधला नुसत्या वाद्यांचा तुकडा कोणीतरी टाकायचा आणि बाकीच्यांनी गाणे ओळखायचे. मग वाद. तो वाद हाताबाहेर गेला की निवाडा तुझ्या आईकडे. तिला तिथे ‘सरपंच’ म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी कळले. मी रीतसर लिहिले, “मी यांचा पती. कृपया सोबतचे गाणे ओळखावे.” त्यावर उत्तर आले, “या या, सरपंचांचे मिस्टर! इतकी वर्षं कुठे होता?”

त्यात दोघांची ओळख तुला करून देणे भाग आहे. एक दंतवैद्य आहेत. त्यांचे बालपण तमिळ शेजारात गेले, त्यामुळे त्यांना भाषा येते. शब्दांचा अर्थ कळल्याशिवाय गाणे कळत नाही, हे त्यांचे मत. दुसऱ्या एक कंडक्टरबाई, बसवरच्या. त्या तुझ्या आईच्या पक्षाच्या. अर्थ कळला की गाणे लहान होते, हे त्या पक्षाचे म्हणणे. वर्षानुवर्षे हे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडत आले आहेत आणि तरीही कोणी ग्रुप सोडलेला नाही.

आता अक्षराविषयी.

मागच्या आठवड्यात मी तुला ‘हात जरा मुरगळला’ असे सांगितले. मनगट मोडले आहे. उजवे. हे पत्र डाव्या हाताने लिहितो आहे. बाथरूममधून आईला बाहेर आणताना तिचा पाय घसरला, मी तिला धरले, आणि आम्ही दोघे मिळून खाली आलो. तिला खरचटलेदेखील नाही. ती माझ्यावर पडली. वरच्या मजल्यावरच्या सुताराला मी फोन केला. तो येईपर्यंत आम्ही तिथेच फरशीवर बसून होतो. मला कळा येत होत्या. आणि तेव्हा, ठमे, तुझी आई भिंतीला टेकून गाऊ लागली.

तेच गाणे तिने संध्याकाळी गायले, दुसऱ्या दिवशीही. मी ध्वनिमुद्रण करून ग्रुपवर टाकले आणि या खेपेस, प्रथमच, ओळीचा अर्थ विचारला. दंतवैद्यांनी ताबडतोब कळवला. होडीत बसलेली बाई नावाड्याला म्हणते: आता मला सोड, तीर आला.

मी फोन बंद करून ठेवला. तिच्याकडे बघवेना. एवढी वर्षे संसार केलेल्या बाईने, मला फरशीवर पडलेला पाहून, जी भाषा हाताशी उरली तीत सांगितले की आता मला सोड. दुसरा अर्थ मला दिसेना. रविवारी तुझा फोन आला आणि मी ‘हो’ म्हणालो. तू विचारलेस, “बाबा, अचानक कसं काय पटलं?” मी म्हणालो, “विचार केला.” विचार केला नव्हता, भाषांतर केले होते.

काल दुपारी ग्रुपवर कंडक्टरबाईंचा निरोप आला. जसाच्या तसा उतरवतो.

“मिस्टर, क्लिप अर्धीच का टाकलीत? सरपंच त्या ओळीवर थांबूच शकत नाहीत. पुढचा तुकडा कुठाय?”

मी लिहिले, “पुढे शब्द नाहीत. नुसते गुणगुणणे आहे, म्हणून तो भाग मी वगळला.”

“अहो, त्या तुकड्यासाठीच तर त्या ती ओळ गातात! ओळ म्हणजे पायपुसणं. पाय पुसले की घरात जायचं ना? तुम्ही आम्हाला पायपुसण्यावरच उभं केलंत की.”

हे मी केले होते. शब्द संपताच मी ध्वनिमुद्रण कापले होते. अनावश्यक मजकूर पुढे पाठवायचा नाही, ही माझी आयुष्यभराची शिस्त. मूळ मुद्रण फोनमध्ये होते. ते अखंड पाठवले. आणि ग्रुपवर एकामागून एक लोक तेच लिहू लागले. “दाराचा तुकडा!” “अरे, दाराचा तुकडा!” कोणीतरी नुसतेच, “आल्या आमच्या सरपंच.”

मी विचारले, दाराचा म्हणजे काय? उत्तर दंतवैद्यांनी लिहिले. सांगणे त्यांच्या पक्षाच्या विरुद्ध जात होते, तरी त्यांनीच सांगितले. गृहस्थ सरळ आहेत.

फार पूर्वी याच गाण्यावरून त्यांचा आणि तुझ्या आईचा वाद झाला होता. ते म्हणत होते, हे ताटातुटीचे गाणे आहे, त्यातली बासरीसुद्धा रडते. तुझ्या आईने लिहिले होते: “डॉक्टर, ती बासरी रडत नाही. ती एकाच सुरावर दोनदा अडते आणि मग अलगद आत जाते. आमचे हे संध्याकाळी येतात ना, तेव्हा किल्ली कुलपात अशीच दोनदा अडते आणि मग फिरते. तुम्हाला ताटातूट ऐकू येते, मला कुणीतरी घरी आल्याचं ऐकू येतं. आता सांगा, कोणाचं गाणं मोठं?” दंतवैद्यांनी त्या दिवशी हार मानली, आणि तेव्हापासून सगळा ग्रुप त्या तुकड्याला दाराचा तुकडा म्हणतो.

सगळ्या ग्रुपला ठाऊक होते. मला सोडून.

त्या कुलपाविषयी तुला वेगळे सांगायला नको. मी किती वेळा म्हणालो, तेल घालू, नाहीतर बदलून टाकू. ती दर वेळी म्हणायची, “राहू दे हो. बिघडलंय कुठे?” मला वाटे, आळस.

तू म्हणशील, बाबा भावनेच्या भरात आहेत. म्हणून पुढचे नीट वाच. मला हवे होते म्हणून ते खरे ठरत नाही, हे मला कळते. मी पडताळा घेतला.

आपल्या मदतनीस ताईंकडे दुसरी किल्ली आहे. तेच दार, तेच कुलूप, अडतेही तसेच. काल संध्याकाळी मी त्यांना विचारले, तुम्ही दार उघडता तेव्हा या गातात का? त्या म्हणाल्या, “छे हो. मी आले की नुसत्या बघतात. पण तुम्ही दवाखान्यात गेलेले असलात आणि परत आलात ना, की दार उघडायच्या आधीच सुरू होतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.” आज सकाळी मी प्लास्टर दाखवायला गेलो होतो. परत आल्यावर दाराशी उभा राहिलो. डाव्या हाताने किल्ली घालायला जास्तच वेळ लागला. पहिल्या अडखळण्याला आतून काही नाही. दुसऱ्याला ती ओळ सुरू झाली. किल्ली फिरवली तेव्हा ती बासरीवर आली होती. मी दार लगेच ढकलले नाही.

आणखी एक गोष्ट. ती मानेने सगळ्यालाच होकार देते, परंतु न आवडलेले गाणे डाव्या हाताने दूर सारते. दंतवैद्य आता रोज एक तुकडा तिच्यासाठी पाठवतात. कालचा तिने असा काही सारला की फोन चादरीवरून खाली गेला. मी तसे कळवले. ग्रुपवर जल्लोष झाला: “निकाल लागला!” तू पाठवलेली संस्थेची चित्रफीतही मी तिच्यासमोर धरली होती. तीही तिने सारली. परंतु तो पुरावा मी धरत नाही. त्यामागचे संगीतच भिकार होते.

संस्था वाईट नाही. तू नीट पाहून, चौकशी करून निवडली आहेस. मी असतो तर तीच निवडली असती. माहितीपत्रक पुन्हा वाचले. त्यात लिहिले आहे की सुरक्षिततेसाठी खोल्यांच्या दारांना कुलपे नाहीत. ती सोय आहे, हेही कळते. परंतु तिथे मी ठरलेल्या वेळी भेटायला येणारा गृहस्थ असेन आणि दार नेहमी उघडेच असेल. मग तिला कळायचे कसे, की घरी कोणी आले?

तुझा मुख्य प्रश्न मला ऐकू येतो आहे. ‘आणि पुन्हा पडलात तर?’ रास्त आहे. पडलो होतो, म्हणूनच त्याचे उत्तर तयार आहे. सुताराने आज बाथरूममध्ये आणि पलंगाशी धरायचे दांडे बसवले. मदतनीस ताई आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येतील. एकट्याने आईला उठवायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि नियम मोडण्याचा माझा लौकिक नाही. हात बरा झाल्यावर निम्मे काम घरून करण्याची परवानगी कचेरीने दिली आहे. साहेब म्हणाले, “तुम्ही कधी काही मागितलंच नाहीत, त्यामुळे नाही कसं म्हणायचं तेच कळेना.” आणि डॉक्टरांनी ज्या दिवशी सांगितले की आता घरी होणार नाही, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. माझा शब्द आहे. तोपर्यंत मात्र नाही. माझ्या दमण्याने हे ठरणार नाही, आणि तुझ्या काळजीनेही नाही.

पडल्याचे तुला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तू त्याच दिवशी आली असतीस, आणि मी तुझ्यासमोर रडलो असतो. हे वाक्य तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिले आहे, राहू दे.

शनिवारी अवश्य ये. फक्त मोठी गाडी आणू नकोस; परत जाताना तू एकटीच असशील.

आणि एक सांगणे आहे. बेल वाजवू नकोस. तुझी किल्ली अजून तुझ्याकडे आहे; लग्नानंतर तू ती परत दिली नाहीस आणि आम्हीही मागितली नाही. ती घाल. दोनदा अडेल. घाईने ढकलू नकोस, कान देऊन उभी राहा. माझ्यासाठी येतो तो तुकडा मला ठाऊक आहे. तुझ्यासाठी कोणता येईल, ते मला माहीत नाही, ग्रुपलाही माहीत नाही. परंतु येईल. मग मला सांग. मी तो अजिबात न कापता त्यांना पाठवीन.

घरीच असलेले,
तुझे आई-बाबा