वळणावर थांबणारी चंद्री

हैदराबाद,
५ जानेवारी २००३

चि. तुळजास, भीमाशंकरचे अ. उ. आ.

आमच्या कंपनीच्या घोड्यांच्या शर्यतीची सीडी पाठवतोय. फुटपाथवर विकायचा स्वस्तातला गेम आहे, फार आशा धरू नकोस. आळंदला अनिलकुमारच्या कॉम्प्युटर क्लासात लावून बघ आणि खरं ते कळव. मालकाला घाई, म्हणून एकच घोडा काढून त्याला वेगवेगळे रंग दिलेत. पांढऱ्या टिळ्याची तांबडी घोडी मात्र आपल्या चंद्रीवरून काढली. आठवते ना? मेंढरांमागं फिरताना तिच्या पाठीवर बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडावर बांधलेली तू! ती मेली तेव्हा अप्पा जेवले नव्हते.

अप्पांचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. गेम संपला की सुट्टी मिळेल. त्यांना सांग, मी येतोच आहे.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा अण्णा

खजुरी,
१९ जानेवारी

ती. अण्णास, तुळजाचा शि. सा. न.

सीडी बघितली. खरं सांगू? तुझे घोडे पळायलेत का कापडावर इस्त्री फिरायलीय, तेच कळंना. खूर भुईला लागत न्हाई, धूळ उडत न्हाई, एका घोड्यातून दुसरा आरपार जायलाय! बघणारी माणसं तर तीच ती. पण चंद्री दिसली आणि अनिलदादासमोरच मला रडू आलं बघ. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, घोडं आधी कानानं बोलतंय, मग पायानं. भीमाला म्हणावं, कान हलीव. तेवढं केलास तर गेममधी जीव येईल.

अप्पा रोज विचारायलेत, भीमा कधी यायलाय. दाराकडं तोंड करूनच झोपतेत. कामून उशीर करायलास? आईनं तर तुझं अंथरूण उन्हात घालून ठेवलंय.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी तुळजा

हैदराबाद,
२ फेब्रुवारी

चि. तुळजास, अ. उ. आ.

अप्पांचं ऐकून कान हलवले. धूळ घातली, श्वासाचा आवाज घातला. गेम एकदम जिवंत झाला, मालकही खूश. पण एक भलतंच घडतंय. चंद्री शेवटच्या वळणावर थांबते. बाकीचे घोडे निघून जातात आणि ती कान टवकारून, मान वळवून मागं बघत उभी राहते. प्रोग्राम सगळा तपासला. तिला थांबायला कुणी सांगितलेलंच नाही. मान वळवलेलं चित्र तर मी काढलेलंच नाही गं! ऑफिसात सगळे हसतात, मला तिच्याकडं बघवत नाही.

मालक म्हणतो, ही धावेपर्यंत सुट्टी नाही. अप्पांना विचार, ती अशी कधी थांबायची? आणि त्यांना धीर धरायला सांग.

सगळ्यांची आठवण काढणारा,
तुझा अण्णा

खजुरी,
११ फेब्रुवारी

ती. अण्णास, शि. सा. न.

अप्पांचं बोलणं आता अडखळायलंय, पण चंद्रीचं नाव काढलं आणि डोळे उजळले. म्हणाले, बिऱ्हाड हललं की चंद्री सगळ्यांच्या पुढं. पण आपलं माणूस मागं राहिलं की ती थांबायची. ते आल्याबिगर पाऊल उचलायची न्हाई, मारलं तरी न्हाई. मी विचारलं, मग आता कुणाची वाट बघायलीय? अप्पा हसले. म्हणाले, माझी. आणि मी भीमाची. ती निघाली की समजा, मी तिच्यापाशी पोचलो.

अण्णा, माझ्या अंगावर काटा आला रे. तिला दुरुस्त करू नको, तुझ्या पाया पडते. नोकरी गेली तर जाऊ दे. एसटीडीवाल्याचा फोन बंद पडलाय, न्हाईतर ओरडूनच सांगितलं असतं. पत्र मिळताच निघ.

वाट बघणारी,
तुळजा

हैदराबाद,
१३ फेब्रुवारी

चि. तुळजास, अ. उ. आ.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण आनंद मावेना म्हणून लिहायला बसलो. आज दुपारी चंद्री आपोआप निघाली! मी कशाला हातसुद्धा लावला नव्हता. वळणावर उभी होती नेहमीसारखी. एकाएकी मान सरळ केली आणि चालू लागली. पळाली नाही गं, चाललीच. पाठीवर ओझं घेतल्यासारखी, जपून जपून. रेषा ओलांडून चित्राबाहेर गेली. मग कितीदा गेम लावला, पण ती वळणावर पुन्हा दिसली नाही.

मालकानं लगेच सुट्टी दिली. सोमवारी निघतो, त्याआधी हे पत्र पोचेल. आईला म्हणावं, अंथरूण घाल.

बाकी सगळं भेटीत.
तुझा अण्णा

ता. क. अप्पांना आजच सांग, चंद्री आता थांबत नाही.