ताई येणार म्हणून

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या सुनेची पाठ आणि तुझ्या नातवाचे दात, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (हे वाक्य आधी लिहून टाकलं की पुढे काहीही लिहायला मी मोकळी.) सासूबाईंचं ऐकणं पूर्वीसारखंच, म्हणजे हाक मारली तर ऐकू येत नाही आणि त्यांच्याबद्दल बोललं तर भिंतीपलीकडूनही येतं. लेक माझ्यापेक्षा उंच झाली. तू पाठवलेला फ्रॉक फार गोड आहे, पण ताई, तो नऊ वर्षांच्या मुलीचा आहे आणि ती आता पंधराची आहे. तू लेकाकडे राहायला गेलीस तेव्हा ती नऊची होती, तुझ्यासाठी ती तिथेच थांबली असणार, तुझा काय दोष. फ्रॉक माझ्या कपाटात ठेवलाय. अधूनमधून काढून बघते.

पत्राला कारण आहे, पण ते एकदम सांगण्यासारखं नाही. आधी नळाचं सांगते.

हे दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात, ते तुला ठाऊकच आहे. सातव्या मजल्यावर कुणी अडकलं की अर्ध्या जेवणावरून उठून पळतात. घरात मात्र कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत असलं तर त्यालाच टेकून पेपर वाचतील. मी सांगून बघितलं, भांडून बघितलं, अबोला धरून बघितला. (अबोला त्यांना मानवतो. त्या महिन्यात वजन वाढलं.) तू गेल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला होता. एक दिवस भांडी घासता घासता मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ताई येणार." खरं सांगू? ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तुझी आठवण आली होती आणि घरात दुसरं कुणी नाही असं समजून मी नळाला सांगितलं होतं. पण हे दारात उभे होते. अर्ध्या तासात हत्यारांची पेटी खाली आली, नळाचं गळणं थांबलं, दाराला नवी बिजागरी लागली आणि सासूबाईंनी तुझ्यासाठी आतल्या खोलीतली खाट रिकामी केली. मीही खाटेवर धुतलेली चादर घातली. आठ दिवसांनी सांगितलं की तुझं येणं रद्द झालं.

तेव्हापासून ताई, तू दर वर्षी येतेस. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते, एका वर्षी तुझ्या नातवाला गोवर आला, एका वर्षी तुझं तिकीट हरवलं, आणि दोनदा तुझा गुडघा दुखावला. (उजवा. डावा मी पुढच्यासाठी राखून ठेवलाय.) त्या बदल्यात आमचा पंखा फिरायला लागला, न्हाणीघराची कडी लागायला लागली आणि जिन्यातला दिवा लागला. नळ मात्र दर वर्षी नेमाने बिघडतो. गेल्या वर्षी ह्यांना वेळ नव्हता म्हणून गल्लीतला प्लंबर बोलावला, तो वाकल्या वाकल्याच म्हणाला, "वहिनी, तुमच्या ताई दर वर्षी येतात म्हणता, मला कशा कधी दिसत नाहीत?" मी म्हटलं, तू तुझा पाना सांभाळ.

एक मात्र कबूल करते. ते आठ दिवस मला फार आवडतात. खाटेवर मी धुतलेली चादर घालते, उशीला तुला आवडतो तसा मऊ अभ्रा घालते. तू सकाळी लवकर उठून माझ्या आधी चहा करशील आणि साखर कमी टाकशील म्हणून साखरेचा डबा पुढे काढून ठेवते. लेकीला तुझ्या गोष्टी सांगते, आपण दोघी एका सायकलवरून शाळेत जायचो आणि उतारावर तू मला ब्रेक लावू द्यायची नाहीस, ती गोष्ट तिने इतक्यांदा ऐकलीय की मी चुकले तर ती दुरुस्त करते. येणार नाहीस हे मला सगळ्यांत चांगलं माहीत असतं, तरी दुपारी रिक्षा थांबल्याचा आवाज आला की मी खिडकीत जातेच.

यंदा मात्र अंगाशी आलं. नळ बिघडला, मी ठरल्याप्रमाणे तुला बोलावलं, आणि सासूबाईंनी मनावर घेतलं. म्हणाल्या, "दर वर्षी बिचारी एकटीच निघते आणि अडकते. यंदा हा स्टेशनवर घ्यायला जाईल." ह्यांनी रजा टाकली. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून दारात उभे, आणि मला विचारतात, "गाडी कितीला?" तोंडातून निघून गेलं, साडेचार. गेले! मी घरभर फिरत राहिले. आता खरं सांगावं लागणार, सासूबाई ऐकतील (हे तर नक्की ऐकतील), लेक हसेल, आणि पुढच्या वर्षी तुझं नावसुद्धा काढता येणार नाही, ह्याचंच जास्त वाईट वाटत होतं. सात वाजता हे एकटे परत आले. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "गाडीला फार गर्दी होती. ताई काही दिसल्या नाहीत. पुढच्या वर्षी येतील." सासूबाईंनी उसासा टाकला आणि जेवायला वाढायला सांगितलं.

तर असं आहे सगळं. तब्येतीला जप, सुनेला आशीर्वाद, नातवाला खूप खूप पापे. मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण तिकडे आता तूच मोठी, तेव्हा तोही तूच घे.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. सासूबाई तुला फोन करणार आहेत. तुझी गाडी चुकली असं सांग. गुडघ्याचं विचारलं तर उजवा.

ता. क. २. काल तो इस्त्रीचा शर्ट धुवायला घेतला. खिशात एक वायसर निघाला, आपल्या नळाचा, गेल्याच वर्षी बसवलेला, आणि धडधाकट. म्हणजे दर वर्षी नळ आपोआप बिघडतच नव्हता. विचारलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "ताई येणार म्हटलं की आठ दिवस तू घरात गुणगुणत असतेस. नळ चांगला राहिला तर तू त्यांना बोलावशील कशी?" अगं, स्टेशनवरही गेले नव्हते. अडीच तास कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात बसून राहिले होते.

ता. क. ३. वायसर मी पुसून परत त्यांच्या खिशात ठेवलाय. पण ताई, त्या माणसाने अजून किती वर्षं चांगला नळ बिघडवायचा? एकदा खरंच ये ना. खाटेवरची चादर मी अजून काढलेली नाही.