खिडकीतली थाळी

प्रिय धूरमामा,

भाचीने ठेवलेल्या नावानेच हाक मारतेय, कारण तुझं खरं नाव नुसतं आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते. आईचा फोन आला होता. तू ड्राय आइसची पेटी, जाड हातमोजे, काचेच्या बरण्या, सगळं एका शाळेला देऊन टाकलंस आणि कोल्ड स्टोरेजमध्ये हजेऱ्या लिहायच्या नोकरीला लागलास म्हणे. वा! आई खूश आहे, पोरगा एकदाचा मार्गी लागला. मला मात्र वाटलं, अस्सं उठावं, तिथे यावं आणि सगळ्यांसमोर तुझा कान पिळावा.

बारा वर्षं शाळाशाळांतून प्रयोग दाखवत फिरलास तू. सुरुवातीला साबणाचं पाणी ढवळायला मीच असायचे, विसरलास? ड्राय आइसवर कोमट पाणी ओतलं की पांढरा धूर टेबलावरून खाली उतरायचा आणि पहिल्या रांगेतली मुलं पाय वर घेऊन किंचाळायची. मग तू नुसतंच पाणी भरलेला वाटणारा ग्लास उंच धरायचास, हळूहळू पाणी ओतून टाकायचास आणि आत गच्च भरलेले जेलीचे पारदर्शक मणी दिसायला लागायचे. दरवेळी शिक्षकांचाही आ वासलेला असायचा. एवढी गंमत करणारा तू, पण नियमांना पक्का खडूस. पहिली रांग चार हात लांब म्हणजे चार हातच. एका मुख्याध्यापकांनी ड्राय आइसच्या बाटलीला झाकण लावायला हात घातला, तर बाटली फुटेल म्हणून तू त्यांच्यावरच खेकसलास, भर सभागृहात. मणी तर तू मोजून काढायचास आणि मोजून परत घ्यायचास. मी हसायचे तुला. तू म्हणायचास, ताई, पाण्यात असतात तेव्हा ते दिसत नाहीत, म्हणून मोजायचे.

आणि एवढं सगळं करून अकरा महिन्यांपूर्वी माझ्या अडीच वर्षांच्या भिंगरीने तुझेच मणी गिळले. प्रयोगानंतर फुगलेले मणी तू वाळवायचास, ते पुन्हा मोहरीएवढे व्हायचे आणि पुढच्या प्रयोगाला चालायचे. तुझ्या खोलीत वारा नाही म्हणून थाळी आमच्याकडे. कंजूष मेला! नवीन आणायचे होतेस. ती दोन दिवस ओकत होती, पोट नगाऱ्यासारखं ताठ. एक्स-रेमध्ये काही दिसेना. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काही गिळलंय का, आणि आम्ही दोघं ठामपणे सांगत होतो, छे, काही नाही. तू संध्याकाळी थाळी न्यायला घरी गेलास, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन, खिडकीतले मणी मोजलेस, दोन कमी भरले, आणि तिथून धावत इस्पितळात आलास. पायात एकच चप्पल होती तुझ्या. जेलीचे मणी असतील, एक्स-रेत नाही दिसणार, सोनोग्राफी करा, असं तू ओरडूनच सांगितलंस. पोटात फुगून गोटीएवढे झालेले दोन मणी काढले आतड्यातून. आणखी उशीर झाला असता तर, एवढंच बोलून सर्जन थांबले होते.

तुझ्या भावजींनी विचारलं, थाळी खिडकीत कुणी ठेवली. तू म्हणालास, मी. त्यांनी तुला काय काय सुनावलं ते मी लिहीत नाही. पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हे शेवटचं. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते रे मी? काही नाही. तू वळलास आणि गेलास, तुझ्या त्या ड्राय आइससारखा, मागे ओलसुद्धा न ठेवता.

तू खोटं का बोललास? कुणी सांगितला होता हा शहाणपणा? तू थाळी कपाटावर ठेवली होतीस, पंख्याच्या वाऱ्याला, भिंगरीचा हात पोचणार नाही अशी. मी प्रवासाच्या बॅगा काढायला ती खाली घेतली आणि उन्हात लवकर वाळतील म्हणून खिडकीत ठेवून दिली. तुला मदत केली मी! हे तुलाही माहीत होतं, मलाही. तरी तू मूग गिळून बसलास आणि मला अकरा महिने चांगली आई होऊन जगायला लावलंस. सासूबाई माझी बाजू घेऊन तुला नावं ठेवायच्या आणि मी वाटी पुढे करून आमटी वाढून घ्यायचे. एकदा तरी भांडायचं होतंस माझ्याशी. फोन आपटायचा होतास. तुझ्या गप्प बसण्याचा मला इतका राग आहे, आणि स्वतःचा किती आहे ते विचारू नकोस.

आज सकाळी केटलीतून वाफ आली आणि भिंगरी टाळ्या वाजवत ओरडली, धूरमामा आला! पोटावर बोटभर व्रण असलेली पोर स्टुलावर चढून वाफेत तुला शोधत होती. तिच्या बाबांनी केटली बंद केली. तेव्हा मी उठले, तू थाळीखाली ठेवलेली आणि मी पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवलेली चिठ्ठी काढली आणि त्यांच्या बशीशेजारी ठेवली. बॅगा काढल्या त्याच दिवशी ती मी घाईत वाचलीही होती, रे. त्यांनी दोनदा वाचली. ऑफिसला निघताना फक्त तुझा नंबर मागितला, त्यांनी तो खोडून टाकला होता. त्यांचा फोन आला तर उचल, आणि आता तरी खरं बोल. त्या शाळेत जा आणि तोंड वेंगाडून पेटी परत माग. चिठ्ठी सोबत पाठवतेय, ती तुझी आहे. अक्षर तसंच आहे तुझं, गिचमिड: ‘ताई, थाळी खाली घेऊ नकोस. भिंगरीच्या हाती लागेल.’

शिव्या द्यायच्या असतील तर समोर येऊन दे, वाट बघतेय.

तुझीच,
ताई