खंडेनवमीला कपाटातून निघालेली पेटी

अप्पा, मी सांगतेय आणि माझी सून लिहून घेतेय, तेव्हा अक्षर चांगलं दिसलं तर मला शाबासकी देऊ नका.

इथे अमेरिकेत मतं मागणारा माणूस टीव्हीवर खांद्याला बंदूक लावून हसतो. दुसरा म्हणतो बंदुका आवरा, आणि तोही हसतो. मला दोघांचेही दात खरे वाटत नाहीत. आपल्या गावी निवडणूक लागली की तुम्ही रानडुकरांसाठीची ती लायसनची बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळून पोलीस चौकीत जमा करायचात, निकाल लागेपर्यंत. आई म्हणायची, "आता डुकरांनाही आचारसंहिता सांगून या."

माझा मुलगा आमच्या ह्या हर्नडन गावात बंदुका आवरा म्हणणाऱ्याच्या बाजूचा. अंगणात त्याच्या नावाची पाटी लावली, दर शनिवारी दारोदार फिरला. एके सकाळी पाहतो तर पाटी उपटून गवतात फेकलेली. तेव्हापासून बेडरूमच्या कपाटाला कुलूप. विचारलं तर म्हणाला, "टॅक्सचे पेपर आहेत गं." टॅक्सच्या कागदांनी कुणाला एवढा घाम फुटतो होय?

मी खंडेनवमीची वाट पाहिली. पाटावर विळी मांडली, सुनेनं स्टेथोस्कोप ठेवला, सात वर्षांच्या नातीनं खडू, ह्यानं लॅपटॉप. मी कुंकू घेऊन बसून राहिले. म्हटलं, "हत्यार मागे ठेवून पूजा होत नाही. कपाटातलं आण."

"कपाटात काय आहे?" सुनेनं विचारलं. मला नाही, त्याला.

तो वर गेला आणि काळी पेटी घेऊन आला. "इलेक्शन होईपर्यंतच, यार. आज पाटी उपटली, उद्या दारात आले तर?"

"आणि तू लोकांच्या दारात जाऊन काय सांगतोस?" सून म्हणाली.

नात मध्येच, "व्हॉट्स इन इट, डॅडी?"

अप्पा, तुम्ही बंदूक निवडणुकीपुरती घराबाहेर ठेवायचात, ह्यानं निवडणुकीपुरती घरात आणली. मी पेटीला कुंकू लावलं नाही.

निवडणूक झाली, त्याचा माणूस जिंकला. पेटी दुकानात परत दिली म्हणतो. कपाट आता उघडं असतं, जरा जास्तच उघडं.

नात त्या खोलीत खेळायला गेली की मी भाजी निवडायला तिथेच जाऊन बसते. सून विचारतेय, हेही लिहू का? लिही म्हटलं, अप्पाच राहिले नाहीत, पत्र कुठे जायचंय. कालची मेथी मी दोनदा निवडली.