मृताचा खण

सोमवार, ता. ३

आलो एकदाच्या! दोन ट्रंका, पुस्तकांची चार खोकी आणि सातव्या वर्षीच मला अक्कल शिकवणारी माझी लेक. तिला मी भिंगरी म्हणते, कारण जेवतानासुद्धा बयेचा पाय एका जागी टिकत नाही. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, त्यामुळे राहायला घर देणारी ही नोकरी म्हणजे नशीबच म्हणायचं. शाळेच्या मागे दोन खोल्या, समोर फरशीचा बोळ आणि बोळाच्या टोकाला विज्ञानाची प्रयोगशाळा. मोजून पन्नास पावलं. उशीर झाला तर सांगायला सबबच उरली नाही, पंचाईत झाली.

बुधवार, ता. ५

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मावशी तीस वर्षं इथेच आहेत. काचसामान असं लख्ख ठेवतात की त्यात बघून वेणी घालावी. नववीला रक्तगट शिकवायचे म्हटल्यावर त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढून दिली. आत पाच खण, चार संशयितांचे आणि एक मृताचा. प्रत्येकात एक कुपी. खोटा खून, बनावट रक्त, आणि डागांचा गट जुळवून मुलांनी खुनी शोधायचा. मला तर पेटी भारीच आवडली. मावशींनी मात्र दोनदा बजावलं की मृताच्या खणात जिवंत माणसाचं रक्त कधी घालायचं नाही. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, यांचं आपलं काहीतरीच.

शुक्रवार, ता. ७

आज मावशी रजेवर, आणि मृताची कुपी उघडली तर रंग वाळून खडखडीत! चाळीस मुलं आ वासून बसलेली. माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, टाइलवर दोन थेंब ठेवले, एकात अँटी-ए सीरम घातलं, दुसऱ्यात अँटी-बी. कुठेच गुठळ्या झाल्या नाहीत, म्हणजे माझा गट ओ. भिंगरी मागच्या बाकावर होती, घरी तिला ठेवणार कुणाजवळ? तिने हट्टच धरला की मेलेली मी होणार. तिच्या थेंबाने अँटी-बीत झटकन गुठळ्या धरल्या. बी! टाळ्यांचा कडकडाट. तिचे उरलेले थेंब मिठाच्या पाण्यात मिसळून मी मृताच्या कुपीत भरले. मग पोरांनी तिला फरशीवर आडवं करून भोवती खडूची रेघ मारली. हसून हसून पोट दुखलं.

सोमवार, ता. १०

प्रयोगशाळेच्या फरशीवर रक्ताचे तीन थेंब. ओले. शनिवार-रविवार कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे. पोरांचा चावटपणा, दुसरं काय! मी त्याचाच धडा करून टाकला. थेंब ज्या बाजूला निमुळता होतो, तिकडे रक्त सांडणारा चाललेला असतो. ही टोकं दाराकडे होती. गट तपासला, तर बी.

मावशींनी कुपी पाहिली आणि आत कुणाचं रक्त आहे ते माझ्याकडून काढून घेतलं. म्हणाल्या, फार वर्षांपूर्वी एका मास्तरांनी त्यात एका विद्यार्थिनीचं रक्त घातलं होतं. आठवड्याभरात पोर गेली. अंगावर जखम नाही आणि अंगात रक्त नाही. मला असा संताप आला! लेकरू माझं, आणि यांना गोष्टी सुचतात.

बुधवार, ता. १२

थेंब बोळात. अकरा. टोकं आमच्या घराकडे.

भिंगरी सकाळपासून पडून आहे. डॉक्टर म्हणतात, रक्त कमी झालंय, पण गेलं कुठे ते कळत नाही. मी तिचं अंगन्‌अंग तपासलं. साधा ओरखडासुद्धा नाही. दुपारी जाऊन ती कुपी फोडली, धुतली, तुकडे लांब टाकून आले. तासाभराने पाहिलं तर खणात कुपी तशीच, भरलेली.

मी घाबरले आहे. लिहूनच टाकते.

गुरुवार, ता. १३

उंबऱ्यावर थेंब. बी.

इस्पितळात रक्त चढवलं. दोन तासांत पोर पुन्हा पांढरीफटक. मग तिला उचलून माझ्या बहिणीकडे निघाले, तर गाडीच्या पायरीवर ओले थेंब — आमच्या आधीच —

परत फिरले आणि मावशींचे पाय धरले. त्या म्हणाल्या, तो खण रिकामा राहत नाही. एका रक्ताच्या बदल्यात दुसऱ्याचं द्यावं लागतं, आणि ते ज्याचं त्याने आपणहून द्यायचं. मग म्हणाल्या, मी म्हातारी झाले, माझंच घे. एक क्षण मी हो म्हणणार होते. देवा, खरंच म्हणणार होते. पण चूक माझी आहे.

शुक्रवार, ता. १४, सकाळ

माझं रक्त कुपीत घातलं.

दुपार

भिंगरीने खायला मागितलं. मागितलं! दोन वाट्या संपवल्या, वर मला म्हणते, केस विंचर गं, भूत दिसतेस. मावशी तिला माझ्या बहिणीकडे घेऊन गेल्या. वळून वळून हात करत होती.

दार लावून घेतलंय.

तीन वाजता

स्वयंपाकघरात थेंब. टाइल घेतली, सीरम घेतलं. अँटी-ए, काही नाही. अँटी-बी — बघत राहिले — दोन मिनिटं — पाच —

गुठळी नाही. ओ. माझं आहे. माझं! तिचं नाही! बाई गं, आनंदाने हमसून हमसून रडले.

बोटं गार पडलीत. पेन धरवत नाही. थेंब टेबलापर्यंत आले, टोकं माझ्याकडे —

खुर्चीमागचा थेंब गोल आहे. चालणाऱ्याचा थेंब लांबट पडतो. गोल म्हणजे उभा —

मावशी, तिला इकडे आणू नका. काही झालं तरी नका. विचारेल, रडेल — तिला एवढंच सांगा की आईने