कॉलरखालचा पांढरा दोरा

४ मार्च

ती. काकांना आणि काकूला,
शि. सा. न. वि. वि.

काका, आधी पाणी प्या, मग पुढे वाचा. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही रागाने भरून काढता, म्हणून हे पत्र. मला नोकरी लागली. पगार बरा आहे, राहायला खोली आहे, खोलीला खिडकीसुद्धा आहे. आता मालक कोण ते सांगते. आपल्या दुकानासमोर काचेचं दुकान थाटून ज्यांनी तुमचं गिऱ्हाईक पळवलं, त्या तयार कपड्यांच्या कंपनीचे मालक. ते आता देशाचा कारभार हाती घ्यायला निघालेत, आणि त्यांच्या सभांच्या कपड्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे.

तुम्ही चष्मा काढून टेबलावर आपटला असेल. तो उचला. इथलं काम मजेचं आहे. मालकांनी कामगारांच्या वस्तीत जाताना बाह्या कुठवर दुमडायच्या, यावर इथे बैठक होते. दुमड घातली की तिला इस्त्री करायची, पण इस्त्री केल्यासारखी दिसता कामा नये. मला हसू आवरत नाही.

माणसं मात्र वाईट नाहीत. परवा जेवताना मी सांगत होते, की आई-बाबा गेल्यावर मी तुमच्या बेतायच्या टेबलाखाली कातरणांच्या ढिगावर झोपून मोठी झाले, आणि वर कात्री चालू झाली की नुसत्या आवाजावरून कापड ओळखायची. प्रचारप्रमुख जेवण सोडून ऐकत बसले. इतक्या आस्थेनं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

आता काम. मालकांचे वडील शिंपी होते म्हणे. त्यांचा एक कोट मालकांनी जपून ठेवला होता, पण कसर लागून त्याची चाळण झाली. तसाच एक हवा आहे, फोटो काढायला. मालकांच्या अंगाची मापं आणि कोटाचं चित्र सोबत पाठवते. कोट जुना दिसायला हवा, कोपरावर झिजलेला. हे काम मी करून आणलं तर मला कायम करतील. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

काकू, गुडघ्याला तेल लावतेस ना? नुसती बाटली उशाशी ठेवून गुडघा बरा होत नाही.

तुमच्या प्रेमाला हक्कानं गृहीत धरणारी,
खारू

&nbsp;

९ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चष्मा आपटला नव्हता, नुसता काढला होता. तुझ्या काकूनं तुझी बाजू घेतली तेव्हा आपटला.

पोरी, मला त्या माणसाच्या पैशाचा राग नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं त्याचाही नाही, स्वस्त मिळतं तिकडे लोक जाणारच. पण ज्यानं जन्मात कुणाचं माप घेतलं नाही, सगळ्या जगाला लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन खोक्यांत बसवलं, त्याला देशाचा कारभार हवाय. बाही लांब झाली तर तो म्हणणार, हात वाढवा. आणि त्याच्या कारखान्यात जो नको असेल त्याला तो गेटाबाहेर काढतो. देशात जो नको असेल त्याला काढून कुठे टाकणार, हे त्याला कुणी विचारलंय का?

एवढं लिहून झालं, आता सांगतो, कोट करतोय. तू मागितलास म्हणून. शिवायला टाकून पुन्हा कधी न आलेल्या एका गिऱ्हाइकाचं लोकरी कापड कपाटात होतं, अगदी जुन्या वळणाचं. कोपरं खरखरीत दगडानं घासली, खिशाचे कोपरे हातानं ओढून ओढून सैल केले. चांगला कोट शिवायचा आणि आपल्याच हातानं त्याची वाट लावायची, असला उद्योग मी पहिल्यांदाच केला. काज मात्र मनासारखे झालेत, तेवढं बघ.

पार्सलने पाठवतोय, म्हणजे मला तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघता येणार नाही. म्हणून कॉलरखालचा शेवटचा कच्चा दोरा तसाच ठेवलाय. आपल्या दुकानाची रीत तुला माहीत आहे. तो दोरा टेबलावर काढायचा नाही, गिऱ्हाइकानं कोट पहिल्यांदा चढवला की पाठीमागे उभं राहून काढायचा, तरच कॉलर मानेला धरून बसते. लहानपणी तो ओढायला मिळावा म्हणून तू स्टुलावर चढून रडायचीस. या वेळी मनसोक्त ओढ.

आमचा जीव तुझ्यात अडकलेला आहे, तो तसाच अडकू दे.
तुझा काका

ता. क. गुडघ्याला तेल लावते. त्याचे वडील खरंच शिंपी होते का, ते आधी विचार. — काकू

&nbsp;

२६ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

कोट सगळ्यांना फार आवडला. मी कायम झाले. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला हात पुढे येत नाही.

कोट फोटोसाठी नव्हता. तो माझ्या हातातून थेट काचेच्या पेटीत गेला आणि पेटी एका गाडीवर चढली. ती गाडी गावोगाव मालकांच्या सभेआधी फिरते. पेटीवर लिहिलंय की हा त्यांच्या वडिलांचा कोट, याच कोटावर त्यांनी आयुष्य काढलं. मी प्रचारप्रमुखांना म्हटलं की हा तर तुम्ही आत्ता शिवून घेतलात. ते हसले, म्हणाले कोटाला कुणी जन्मतारीख विचारत नाही, आणि खरा कोट असाच होता तर त्यात खोटं काय. वडिलांबद्दल विचारलं तेव्हा कळलं की त्यांचं कापडाचं गोदाम होतं. तिथे शिंपी कामाला होते, तेवढाच संबंध.

काका, निवडणुकीत सगळेच थोडंफार वाढवून सांगतात. मालक माझ्याशी चांगले वागतात, माझं गाव कुठलं ते विचारतात. मी नोकरी सोडली तर दुसरी कुणी पेटी पुसेल, एवढाच काय तो फरक. असं मी रोज स्वतःला सांगते आणि रोज सकाळी ती काच पुसते. आत तुमचे काज दिसतात. कॉलर दुमडलेली असल्यामुळे दोरा दिसत नाही. पेटीला कुलूप आहे, सभेच्या वेळी किल्ली माझ्याकडे असते.

पुढच्या महिन्यात आपल्या गावात सभा आहे. तुम्हाला पुढची खुर्ची देणार आहेत, गावचा जुना शिंपी म्हणून. मीच नाव सुचवलं होतं, सगळं कळायच्या आधी. रागावू नका.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
खारू

&nbsp;

२ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

रागावलोय. लोभाचं नंतर बघू.

काल सलूनमध्ये टीव्ही लावला होता. तुझे मालक बोलत होते. लहानपणी आपण बेतायच्या टेबलाखाली कातरणांवर झोपायचो आणि कात्रीच्या आवाजावरून कापड ओळखायचो, असं सांगताना त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. सलूनवाल्यानं हातातला वस्तरा खाली ठेवून डोळे पुसले. माझ्या गालावर साबण तसाच वाळला.

घरी येऊन काकूला सांगितलं. ती म्हणाली की कोट आपण दिला होता, पण पोरीचं लहानपण कुणी दिलं नव्हतं. तिला इतकं चिडलेलं मी लग्नानंतर दोनदाच पाहिलंय, आणि दोन्ही वेळा कारण मी होतो.

हे बघ, ज्याला हवं ते विकत घेण्याची सवय असते, त्याला मागता येत नाही. मतं मागायची तर आधी लोकांसारखं जगलेलं असावं लागतं. ते त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्यानं तुझं उचललं. किंमतसुद्धा विचारली नाही. आज तुझी झोपायची जागा घेतली, उद्या खुर्चीत बसल्यावर कुणाकुणाचं काय घेईल आणि ते आपलंच होतं म्हणून सांगेल, याचा विचार कर.

मी सभेला येणार. पेटी उघडायला लावणार, कॉलर वर करणार आणि तो पांढरा दोरा सगळ्यांना दाखवणार. जन्मभर अंगावर वागवलेल्या कोटात कच्चा दोरा राहत नाही, हे सांगायला शिंपी व्हावं लागत नाही. तुझी नोकरी जाईल, हे मला ठाऊक आहे. काल रात्रीचं जेवण त्यामुळेच गेलं नाही. पण तुला न सांगता करणं मला जमणार नाही, म्हणून कळवतोय. परवानगी मागतोय असं समजू नकोस.

जिवाला जप.
तुझा काका

ता. क. माळ्यावरची तुझी गादी उन्हात टाकली आहे. बाकी तुझं तू ठरव. — काकू

&nbsp;

६ एप्रिल

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

थोडंच लिहिते, गाडी निघायची वेळ झाली आहे. तुम्ही सभेला येऊन काही करू नका. मी आजवर तुमच्याकडे हट्टानं काही मागितलं नाही, हे मागते आहे. कारण नंतर कळवीन. काकूला सांगा, गादी दोन्ही बाजूंनी वाळू दे.

विश्वास ठेवा, जमेल तेवढा.
खारू

&nbsp;

१२ एप्रिल

ती. काकांना आणि काकूला,
शि. सा. न. वि. वि.

काका, माझ्या मागच्या पत्रानं तुम्ही घरात कुणाशी बोलत नसाल. आता बोला.

कोट मी मागितला होता, मी आणला होता आणि लहानपण माझं होतं. मग दोरा तुम्ही का काढायचा? तो ओढण्यासाठी मी स्टुलावर चढून रडले आहे, हे तुम्हीच लिहिलंत. म्हणून तुम्हाला नको म्हटलं.

आपल्या गावाच्या दोन गावं आधी मोठी सभा होती. मी सकाळी मालकांना म्हटलं, की आज कोट नुसता दाखवण्यापेक्षा व्यासपीठावर सगळ्यांसमोर अंगावर चढवला तर लोक वेडे होतील. काय घालायचं ते सांगणं माझं कामच आहे. त्यांना कल्पना इतकी आवडली की प्रचारप्रमुखांनी स्वतः टाळी दिली. भाषण रंगात आल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी कुलूप उघडलं, कोट काढला, त्यांच्या अंगावर चढवला. काका, तो त्यांना काय बसलाय म्हणून सांगू. वडिलांचा कोट मुलाला इतका मापात कसा, असं कुणीतरी विचारायला हवं होतं, पण लोक टाळ्या वाजवत होते.

मी पाठीमागेच उभी राहिले. समोरचा माईक ओढून घेतला आणि सांगितलं, की आमच्या दुकानात कोट पहिल्यांदा अंगावर चढला की शेवटचा कच्चा दोरा काढतात, तो काढायचा राहिलाय. सांगितलं की हा कोट माझ्या काकांनी मार्चमध्ये शिवला, आणि टेबलाखाली झोपायची ती मी. मग कॉलर वर करून दोरा ओढला. अडकला नाही. तुमचा टाका आहे, एका ओढीत सगळा हातात आला.

आधी कुणाला समजलंच नाही. मग पुढच्या रांगेतली एक आजी हसली, मोठ्यानं. तिच्या मागून हसू पसरत गेलं. मालकांचं तोंड मी पाहिलं नाही, मी त्यांच्या मानेकडे पाहत होते, ती लाल होत गेली. ते म्हणाले की ही मुलगी विरोधकांनी विकत घेतलेली आहे. दुसरं काही त्यांना सुचलं नाही, कारण माणूस विकत घेतल्याशिवाय काही करतो हे त्यांना ठाऊकच नाही. हे मी माईकवर म्हणायला हवं होतं. मला ते दोन तासांनी बस स्टँडवर सुचलं.

नोकरी गेली. खोली गेली, खिडकीसकट. वर्तमानपत्रांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या, आणि ते कदाचित निवडूनही येतील. मला भीती वाटते, काका, पण लाज वाटत नाही. मैत्रिणीकडे उतरले आहे. तिकडे यावं की लोक बोलतील म्हणून थोडं थांबावं, ते कळत नाही. दोरा माझ्याजवळ आहे.

पूर्वीसारखंच प्रेम ठेवा, कमीजास्त चालणार नाही.
खारू

&nbsp;

२० एप्रिल

चि. खारूस,
अनेक, अनेक उ. आ.

तुझं पत्र काकूनं मोठ्यानं वाचलं, मग इस्त्रीवाल्यानं वाचलं, मग सलूनवाल्यानं. त्यांच्याकडून परत यायला दोन दिवस लागले आणि त्यावर साबणाचे डाग आहेत.

तू मला काही करू नका म्हणालीस. सभेला येऊ नका असं काही तू लिहिलं नव्हतंस, ते मी दोनदा तपासलं. काल सभा झाली. गाडी आली नाही, पेटी आली नाही. मालक आले, बाह्या दुमडून. मला दिलेली पुढची खुर्ची त्यांनी काढून घेतली होती, म्हणून मी घरची नेली.

आदल्या दिवशी सकाळपासून मी दुकान उघडं ठेवलं होतं. पहिला सलूनवाला आला आणि म्हणाला, मला पण एक दोरा घालून दे. मग त्याची बायको, मग शाळेतल्या बाई, मग ज्यांनी समोरच्या दुकानात जायला लागल्यापासून मला ओळख दाखवली नव्हती ते सगळे. त्यांच्या अंगावर त्याच्याच कंपनीचे शर्ट होते. मी कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाच्या कॉलरला पांढरा कच्चा दोरा घातला, टोक बाहेर लोंबतं ठेवून. काकू सुईत दोरा ओवून देत होती आणि प्रत्येकाची कॉलर धुवायला झालीय असं सांगत होती.

सभेत कुणी घोषणा दिली नाही, कुणी ओरडलं नाही. मालक बोलायला उभे राहिले तेव्हा आम्ही सगळ्यांनी कॉलरी वर केल्या आणि नुसते बसून राहिलो. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग मागच्या. टेबलाखाली झोपायची गोष्ट त्यांनी काल सांगितली नाही. रस्त्यांबद्दल बोलले आणि लवकर गेले.

ते निवडून आले तर आले. दोरा अजून बराच आहे.

लोकांनी आपापले दोरे घरी जाऊन काढले असतील. माझा मी ठेवलाय. स्वतःच्या मानेमागचा दोरा स्वतःला काढता येत नाही, आणि काकूला मी हात लावू देत नाही. कॉलर टोचते आहे, तेव्हा लोकांच्या बोलण्याचा विचार वाटेत कर आणि मिळेल त्या गाडीने ये.

स्टूल जागेवर आहे.
तुझा काका